अर्ध्या खुणा

१२ जून

दादा,

तू लेखी उत्तर मागितलं आहेस, म्हणून लेखी. एरवी मी फोनच केला असता आणि तू तो उचलला नसतास.

तुझं पत्र संस्थेच्या नावाने आलं, 'संचालक महोदय' वगैरे घालून. ते फिरत फिरत आमच्या विभागप्रमुख बाईंकडे पोचलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, भाऊ तुमचा आहे, उत्तर तुम्हीच द्या. म्हणून नियमाचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. आपल्या बेडकीच्या गाठीतल्या पेशी आमच्याकडे आहेत. त्या नष्ट करा असं सांगायचा तुला आणि वहिनीला पूर्ण हक्क आहे. कारण द्यावं लागत नाही. तू पुन्हा एकदा "करा" एवढं कळवलंस की त्याच दिवशी ते होईल. मी स्वतः करीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

पण पुन्हा एकदा कळव. एवढी विनंती माझी, संस्थेची नव्हे.

बाई इथे नवीन आहेत, त्यांना मागचं काही माहीत नाही. मी थोडक्यात सांगितलं. भाऊ पोहायला शिकवतो. त्याची मुलगी, माझी भाची, जिला आम्ही सगळे बेडकी म्हणायचो, सहा वर्षांची असताना तलावात आपल्या रांगेतून तिरकी जायला लागली, बाजूच्या दोरीला धडकायला लागली. मग एक डोळा आत वळला. मग चालताना भिंत लागायला लागली. मेंदूच्या देठात गाठ होती, जिथे सुरी घालता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते जेमतेम वर्ष, आणि तेवढंही धड मिळालं नाही. बाईंना एवढंच सांगितलं. एक गोष्ट तू मला एकदाच बोलला होतास, तिरकी जाते म्हणून तलावाच्या काठावरून तिला ओरडायचास ती. ती माझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळच राहील.

ती गेली त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला विचारलं की गाठीचा तुकडा घेऊ देशील का. तू विचारलंस, "कुणाला उपयोग होईल?" मी म्हटलं, होईल. तू सही केलीस. त्यानंतर कित्येक महिन्यांनी तुमच्याकडे जेवायला बसलेलो असताना मी सांगितलं की तिच्या पेशी जगल्या, काचेत वाढायला लागल्या. तू ताटावरून उठलास. मुलगी गेली आणि तिला मारणारी गोष्ट जगली, हे मी तुला आनंदाची बातमी म्हणून सांगतेय, असं म्हणालास. त्यानंतर तुम्ही गाव बदललंत. नवा पत्ता मला या पत्रावरून कळतोय.

दादा, तो 'जगल्या' शब्द मी खूपदा तपासून पाहिला. आमच्या कामात तोच आहे. मी तो मागे घेणार नाही, पण तुझ्यासमोर पुन्हा वापरणारही नाही.

तुझी बहीण


२९ जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, सही नाही, नुसते तीन प्रश्न. लहानपणी मी तुझ्याकडून गणितं तपासून घ्यायचे तेव्हाही तू असाच होतास. चुकलं तिथे फुली, बाकी अवाक्षर नाही.

तिला दुखतं का? नाही. दुखायला शरीर लागतं, बातमी पोचवणाऱ्या नसा लागतात, ती ऐकणारा मेंदू लागतो. त्यातलं काही तिथे नाही.

त्यात ती आहे का? यावर मी रविवारचा अख्खा दिवस घालवला. तिच्या अंगातल्या कुठल्याही पेशीत होतं ते सगळं लिखाण त्यांच्यात आहे, तुझ्या जाड भुवया, वहिनीचे कुरळे केस, सगळं. पण नुसतं लिखाण म्हणजे ती नव्हे. ती तिथे नाही, दादा. असती तर मला कळलं असतं. एक दिवसाआड मी त्यांच्यापाशी असते. त्यांचं पाणी बदलते, त्यांना खायला घालते. मला सुट्टी असली तरी त्यांना नसते.

तुम्ही त्यांच्यावर काय करता? हे जरा लांबेल. चहा घेऊन बस.

पेशीच्या आत डीएनएचा धागा असतो, आणि तो बारीक मण्यांवर गुंडाळलेला असतो. हे मणी प्रथिनाचे. त्यांच्यावर खुणा असतात. एका जातीच्या खुणेचा अर्थ 'इथलं मिटून ठेवा, वाचू नका.' डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत लिखाण तेच असतं. आपण कोण आहोत हे पेशीला कळतं ते काय उघडं आहे आणि काय मिटलेलं आहे त्यावरून.

आता पेशीचं विभाजन होतं, एकीच्या दोन होतात. धाग्याची नक्कल निघते, दोघींना पुरा धागा मिळतो. खुणांची मात्र नक्कल निघत नाही. जुने मणी निम्मे हिच्याकडे जातात, निम्मे तिच्याकडे, आणि मधल्या जागा नव्या, कोऱ्या मण्यांनी भरल्या जातात. म्हणजे जन्मतःच दोघींची आठवण अर्धी. मग एक प्रथिन कामाला लागतं. ते जुन्या मण्यावर बसतं, त्याची खूण ओळखतं आणि शेजारच्या कोऱ्या मण्यावर तीच खूण उमटवतं. मग त्याच्या शेजारी. असं करत अर्ध्याचं पुरं होतं. तुझ्या-माझ्या अंगात हे या क्षणी चालू आहे, आणि आपल्याला पत्ताही नाही.

बेडकीच्या एका पेशीत तो मणी बनवण्याच्या कृतीत एक अक्षर चुकलं. एकच. त्या चुकीच्या मण्यांपाशी खुणा उमटवणारं प्रथिन अडकतं, त्याला पुढे काम करता येत नाही. विभाजन झालं की खुणा अर्ध्या होतात आणि भरून काही येत नाहीत. पुढच्या विभाजनाला आणखी विरळ. मेंदूत एका जागी स्थिरावायचं, मोठं व्हायचं, हे ती पेशी विसरते आणि लहान राहून नुसती वाढत सुटते. ती गाठ म्हणजे हे.

खुणा कुठे पुसल्या जातात, कुठे तग धरतात, आणि अक्षर दुरुस्त केलं तर परत येतात का, हे मी बघते. बस्स.

तुझी बहीण


१६ जुलै

दादा,

या वेळी एकच ओळ. 'हे रक्तात असतं का, तेवढं लिही.'

नाही. ते चुकलेलं अक्षर तिच्या अंगातल्या एका पेशीत, एका दिवशी चुकलं. तुझं रक्त आणि वहिनीचं रक्त तेव्हाच तपासलं होतं, दोघांत काही नव्हतं. मी जे खुणा वारशाने जाण्याबद्दल लिहिलं ते पेशीकडून पेशीकडे, एकाच अंगात. आईबापांकडून मुलांकडे ते तसं जात नाही. बीज तयार होताना आणि गर्भ रुजताना या खुणा जवळजवळ सगळ्या पुसल्या जातात. थोड्या राहतात का, यावर आमच्यात वाद आहेत, पण त्या वादाचा बेडकीच्या आजाराशी काडीचा संबंध नाही.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. तू आईच्या माहेराकडे बोट दाखवतो आहेस का? मामाला डोक्याचं काहीतरी होतं, म्हणून? त्याला मायग्रेन होतं, दादा. मेल्या माणसावर कशाला ढकलायचं. एवढी वर्षं झाल्यावरही तुला कुणीतरी दोषी हवंच असेल तर मला धर. मी हाताशी आहे.

'करा' किंवा 'नको', यातलं तू अजून काही लिहिलेलं नाहीस.

तुझी बहीण


२ ऑगस्ट

दादा,

काल वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती आणि मागून बाळ रडत होतं. मी विचारलं, कुणाचं बाळ? रडणं जवळ आलं, तिने त्याला उचललं असावं. मग म्हणाली, "आमचं."

पाच महिन्यांचा आहे म्हणे. तू त्याला गोटू म्हणतोस.

दुपारभर मी काही केलं नाही. बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मी सांगितलं, मला भाचा झालाय. त्यांनी अभिनंदन केलं आणि कधी झाला ते विचारलं. मी म्हटलं, आत्ताच.

मला कळवलं नाहीत याचं मला वाईट वाटलं, ते वाटणारच. ते बाजूला ठेवते. माझं मागचं पत्र मात्र विसरून जा. मामाचं काय लिहिलं ते तर फाडूनच टाक. तू काय विचारत होतास आणि मी काय उत्तर देत होते!

वहिनीने आणखी एक सांगितलं, आणि मी ते तुला कळू देऊ नये असं तिला वाटत असणार. पण लपवाछपवी पुरे झाली. ती म्हणाली, "तुझ्या दादाला वाटतं, ती गोष्ट कुठंतरी जिवंत आहे तोवर ती याला शोधत येईल." तू रोज त्याचे डोळे बघतोस, असंही म्हणाली. दिवा दाखवून बघतोस.

मी तुला हसणार नाही. मी शास्त्र शिकले आणि तू नाही शिकलास, असला हा प्रश्न नाही. त्या वर्षी जे तू पाहिलंस ते पाहून कुणालाही असंच वाटेल.

पुन्हा लिहिते, आणि या वेळी गोटूचा बाप म्हणून वाच. त्याला हे होण्याची शक्यता रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही मुलाइतकी आहे. म्हणजे फार फार थोडी. शून्य आहे असं मी लिहिणार नाही. खोटं लिहिलं तर बाकीच्यावरही तू विश्वास ठेवणार नाहीस. त्या पेशी बंद काचेत आहेत. काचेतून उचलून नळाच्या पाण्यात टाकल्या तर लगेच मरतील, इतक्या नाजूक. त्या कुणाला शोधत नाहीत.

तरीही तू "करा" म्हणालास तर करीन. फक्त एकदा ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. न बघता नको.

तुझी बहीण


२४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे पत्र तुला. तू फोनवर म्हणालीस की दादाला विचारलं काय झालं, तर म्हणाला, "गेलो, बघितलं, आलो." मला हसू आलं. मग वाटलं, तुला सगळं कळायला हवं. तू तिची आई आहेस आणि बाळाला घेऊन तुला येता आलं नाही.

तो सकाळीच आला. दारावरच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं तर त्याने माझं सांगितलं. वजन उतरलंय त्याचं, कानशिलं पांढरी झालीत. मी त्याला अंगरखा दिला, पायात घालायच्या पिशव्या दिल्या. खोलीत स्पिरिटचा वास असतो, पंख्यांचा आवाज असतो, बाकी काही नाही. कपाटं, टेबलं, एक खिडकी. त्याने चोहीकडे पाहिलं आणि विचारलं की हीच का ती खोली. मी हो म्हटलं. मला वाटतं त्याच्या मनात काहीतरी फार मोठं, भयंकर असणार.

मी उबदार कपाटातून एक चपटी बाटली काढली. आत गुलाबी पाणी, त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कण. त्याने हात पुढे केला. धरू द्यायची पद्धत नाही, पण मी दिली.

"गरम आहे," तो म्हणाला.

मी सांगितलं, अंगाइतकीच ठेवावी लागते. तो बाटली दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

मग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पेशींचे गोळे असतात, पाण्यात तरंगणारे, एकमेकींना चिकटून. त्याने बघितलं आणि लगेच मान वर केली. म्हणाला, दिसायला काहीच नाही. तो रागावला होता. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने आपलं घर मोडलं, याचा राग. मलाही पहिल्या दिवशी तसाच आला होता.

मी त्याला एवढंच दाखवून थांबणार होते. पण शेजारी दुसरी बशी होती आणि ती न दाखवणं लबाडी झाली असती. काही महिन्यांपूर्वी आम्ही तिच्या काही पेशींमधलं ते चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. खुणा इतक्या विरळ झाल्या होत्या की धरायला काही उरलं नसेल, असा अंदाज होता. पण काही जागी थोड्या जुन्या खुणा टिकून होत्या. त्यांच्या शेजारी नव्या उमटल्या. मग त्यांच्या शेजारी. काही जागा कोऱ्याच राहिल्या, सगळं परत आलं नाही. पण पुरेसं आलं. त्या पेशी वाढायच्या थांबल्या, तळाला चिकटून बसल्या आणि त्यांना फांद्या फुटल्या.

दादाने बघितलं आणि विचारलं, "या कुठल्या?"

"तिच्याच. अक्षर दुरुस्त केल्यावरच्या."

"काय झालं त्यांना?"

"मोठ्या झाल्या," मी म्हणाले.

तो पुन्हा वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. मग त्याने विचारलं की हे तेव्हा करता आलं असतं का. मी सांगितलं, नाही. आजही माणसात येत नाही, नुसतं काचेत येतं. त्याने मान डोलावली. मग विचारलं की तिच्या डोक्यात बाकीच्या अशाच होत्या का. मी म्हटलं, कोट्यवधी, आणि सगळ्या चांगल्या. एकच वाट चुकली.

"या किती दिवस राहतील?"

"आता वाढत नाहीत. काही आठवडे, मग आपोआप संपतील."

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "यांना राहू दे, संपेपर्यंत. त्या दुसऱ्या थांबव."

मी विचारलं, गोठवून ठेवलेल्या कुप्या आहेत त्यांचं काय? इतर ठिकाणच्या लोकांनी मागितल्या आहेत, कारण अशा पेशी फार थोड्या मुलांच्या मिळतात. तो म्हणाला की कुणाच्या पोराला उपयोग होणार असेल तर दे. आणि मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "तू मात्र हे सोड आता. आरशात बघतेस का कधी? तिला जाऊन पाच वर्षं होत आली आणि तू रोज तिच्या उशाशी बसल्यासारखी बसतेस."

वहिनी, हे मला कुणी म्हणालं नव्हतं. आणि म्हणायला तो आला, ज्याच्याबद्दल मला वाटत होतं की तो अडकलाय आणि मी पुढे गेलेय.

मग मी ते केलं. त्याच्यासमोरच. बाटलीत औषध घातलं, गुलाबी रंग फिका होत गेला आणि पाणी स्वच्छ झालं. त्याने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. बाटली थंड होईपर्यंत तो थांबला, मगच अंगरखा काढला.

नंतर खाली अंगणातल्या बाकावर आम्ही बसलो. चहा घेतला. तिथे त्याने मला एक गोष्ट विचारली आणि मी तिचं उत्तर दिलं. ती काय ते त्याचं तो तुला सांगेल, आज नाही तर उद्या. तू विचारू नकोस. एवढंच सांगते की त्याचा काही दोष नव्हता, आणि हे त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

गोटूला माझा पापा.

तुझी नणंद


१९ ऑक्टोबर

दादा,

पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, वहिनीने बांधून दिलेलं सगळं संपवलं.

तुमच्याकडे चार दिवस राहिले त्यात एक गोष्ट बोलायची राहिली. गोटू माझ्याकडे येईना, भोकाड पसरायचा, आणि तू हसलास. माझ्या फजितीवर का होईना, हसलास. वहिनी ओट्यापाशी होती, तिने पाठ वळवली. मी बघितलं तिला. तिने पुष्कळ वर्षांत ते ऐकलं नव्हतं.

कुप्या गेल्या आठवड्यात रवाना झाल्या. नाव घातलेलं नाही, फक्त क्रमांक. मोठ्या झालेल्या त्या पेशी सप्टेंबरच्या अखेरीस संपल्या, तुला सांगायचं म्हणून सांगते. मी दुसऱ्या गटात गेले आहे. तिथल्या पेशी यीस्टच्या आहेत, म्हणजे बुरशीच्या. कुणाच्या कुणी नाहीत. रविवारी मी झोपते.

काल वहिनी फोनवर म्हणाली, गोटू एकाच बाजूला मान टाकून झोपतो, म्हणून तू त्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंयस. मी तिकडे होते तेव्हा तू बोलला नाहीस, मी उडवून लावीन म्हणून बोलला नसशील. मी बघितलंय त्याला झोपलेला. सगळी बाळं झोपतात तसा झोपतो. डॉक्टर हेच म्हणतील, आणि पुढच्या वर्षी तुला आणखी काही दिसेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. तो मोठा होईपर्यंत हे चालणार, दादा. मला सगळं माहीत असूनही मीसुद्धा त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, तुझं लक्ष नसताना.

काही निघणार नाही. तारीख कळव, मी येते.

तुझी बहीण आणि गोटूची
आत्या